पंचाहत्तर दिवसांची रजा

आई,

आज ओपीडी संपता संपता माझी दुसऱ्या वर्षाची एक रेसिडेंट टेबलापाशी येऊन उभी राहिली. रेसिडेंटला तू 'शिकाऊ डॉक्टर' म्हणायचीस आणि मी चिडायचे. सातवा लागलाय तिला. हातात रजेचा अर्ज आणि तोंडावर मोठं शहाणपण. म्हणाली, "मॅडम, मी अडीच महिन्यांत परत येते. सहा महिने घेतले तर टर्म वाढते, परीक्षा पुढच्या बॅचबरोबर द्यावी लागते. आई आहे ना माझी चोपड्याला, ती सांभाळेल बाळ. एकदम फिट आहे ती." एवढं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "फिट आहे हे कोणी ठरवलं? तू? कधी तपासलंस तिला? शेवटचं कधी विचारलंस, आई, तुला काही होतंय का?" मी इतकी ओरडले की बाहेरच्या सिस्टर दार उघडून बघून गेल्या. पोरगी बिचारी पांढरीफटक पडली. मी अर्ज फाडला आणि म्हटलं, सहा महिन्यांचा लिहून आण, नाहीतर माझी सही मिळायची नाही. ती निघाली, पण आजकालच्या पोरी गप्प बसतात थोड्याच. दारातून वळून तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही किती घेतली होती?" मी म्हटलं, पंचाहत्तर दिवस. "मग?" म्हणाली. मी तिला जेवायला जा म्हणून हाकललं. तेव्हापासून इथेच खुर्चीत बसलेय, आणि तुला तर मी जन्मात कधी पत्र लिहिलं नाही.

माझ्या त्या पंचाहत्तर दिवसांबद्दल मी लोकांना काय काय सांगत आलेय ते तू ऐकलंस तर कपाळावर हात मारून घेशील. आमच्या वेळी रेसिडेन्सी म्हणजे गुलामी होती, बाळंतपण म्हणजे गुन्हा होता, असं बरंच. ऐकणारे माना डोलावतात. खरं काय ते सांगते. मीही असाच अर्ज घेऊन माझ्या युनिटच्या मॅडमकडे गेले होते, इथेच धुळ्याला. त्या तोंडाने फटकळ, पण मनाने तशा नव्हत्या. चष्मा खाली करून म्हणाल्या, "हक्काची रजा आहे की गं, सहा महिने घे. परीक्षा काय पळून जातेय का?" आणि मी, अतिशहाणी, म्हटलं नाही मॅडम, मी माझ्या बॅचबरोबरच देणार. बॅचमधले दोघेतिघे मेसमध्ये हसले होते ना, ताई आता पाळणा हलवणार आणि आपण हिच्या ड्यूट्या करणार. त्यांना दाखवून द्यायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "हट्टी आहेस. कर तुझ्या मनासारखं." म्हणजे मला कोणीही ढकललेलं नव्हतं, आई. मीच गेले.

ऐन उन्हाळ्यातली बाळंतीण मी. पिंप्राळ्याच्या आपल्या दोन खोल्या, दाराला ओलं पोतं, खडखडणारा कूलर, आणि त्या उकाड्यात तुझा हट्ट की बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी घेतलीच पाहिजे. नाना जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात तू एकटी. सासूबाईंचे गुडघे धरलेले, हे नागपूरला त्यांच्या रेसिडेन्सीत अडकलेले. तुला तर जणू सण आला होता. पहाटे उठून डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतशोपा, आणि पोरीला मांडीवर घेऊन अशी काही चोळायचीस की ती लालबुंद व्हायची. मी तिकडून हुकूम सोडायचे. काजळ घालायचं नाही, कानात तेल नको, टाळू भरायची नाही. तू हो हो म्हणायचीस आणि तुला हवं तेच करायचीस. विसाव्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले, तर तू पोरीला मधात उगाळून घुटी देत होतीस, आणि शेजारच्या काकू बाजूला बसून जायफळ किती, हळकुंड किती ते सांगत होत्या. माझा पाराच चढला. काकूंच्या देखत ओरडले, "डॉक्टर तू आहेस का मी? आजारपणातलं तुला काही कळत नाही, तर गप्प बसत जा ना!" तू सहाण उचललीस आणि मोरीत नेऊन धुतलीस. नंतर संध्याकाळी मला आवडते म्हणून कळण्याची भाकरी केलीस. मी समजले, मिटलं. आजारपणातलं तू त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस, हे मला फार पुढे लक्षात आलं.

पंचाहत्तराव्या दिवशी मी बॅग भरली. पाय निघत नव्हता, हे मात्र खरं. तेव्हा जर तू एकदा म्हणाली असतीस की राहा, तर राहिले असते असं मी स्वतःला सांगत असते. पण तू म्हणालीस, "तू जाय माय. पोरनी चिंता करू नको. मी शे ना." मी विचारलं, झेपेल ना गं तुला? "माले काय धाड भरनी शे?" झालं. मला तेवढंच ऐकायचं होतं. बस पारोळ्यापर्यंत पोचली नाही तोच दूध उतरायला लागलं आणि ओढणी छातीशी धरून मी खिडकीकडे तोंड केलं. पुढे वॉर्डात कुणाचंही मूल रडलं की माझा एप्रन भिजायचा. ड्यूटी रूममध्ये दार लावून मी दूध पिळून बेसिनमध्ये सोडायचे, आणि इकडे तू माझ्या पोरीला डब्याचं दूध वाटीचमच्याने पाजत होतीस. महिन्याभरात ते आटलं. मी सुटले म्हणाले. खरंच म्हणाले तसं.

दर दुसऱ्या रविवारी मी सकाळच्या बसने यायचे आणि दुपारी परतायचे. चार-पाच तास. त्यात पोरीला घ्यायचं, जेवायचं, एक डुलकी काढायची, डबे भरून घ्यायचे. तू वाळत चालली होतीस, ते मी पोरीच्या मागे पळण्यावर घातलं. मोरीतल्या फळीवर पॅडची पाकिटं असायची, एकावर एक रचलेली. मला वाटलं माझ्यासाठीच. ओल्या बाळंतिणीला लागतात म्हणून तू आणली होतीस, ती तशीच राहिली असतील. एकदा मी हसून म्हटलं, "आई, दुकान टाकायचंय का तुला?" तूही हसलीस. "ऱ्हाऊ दे, तुलेच लागतीन." तू चौपन्न वर्षांची होतीस. तुझी पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती, हे मला माहीत होतं. आणि माझा उभा दिवस काय करण्यात जायचा? स्टुलावर बसलेल्या बायकांना विचारण्यात, मावशी, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातं का? दिवसाला पन्नास जणींना विचारायचे. एखादी लाजली तर दरडावून विचारायचे.

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन आले. पोरगी सोळा महिन्यांची, घरभर दुडदुडत होती. तू देवापुढे पेढा ठेवलास, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडलीस, मग पदराशी चाळा करत खाली बसलीस. "आते तुन्ही परीक्षा व्हयी गयी. आते तुले एक सांगू का?" आणि सांगितलंस. खाली बघून सांगितलंस, परक्या डॉक्टरला सांगावं तसं. मी विचारलं, कधीपासून? "तू धुळं गयी ना पोर सोडीसन, तवपासून." मी किंचाळलेच, अगं मग बोलली का नाहीस? "तुन्हा अभ्यास व्हता ना माय. मी पडतू तं पोरले कोन दखतं?" म्हणजे तुला अंदाज होता. आजाराचं नाव माहीत नसेल, पण पडण्यासारखं काहीतरी आहे एवढं तुला ठाऊक होतं, आणि तू माझ्या परीक्षेची तारीख बघून ते पुढे ढकललंस.

दुसऱ्या दिवशी मी तुला मॅडमकडे आणलं. मला तुला तपासायचा धीर झाला नाही. मी पडद्याबाहेर उभी राहिले, जिथे इतके दिवस इतर बायकांच्या लेकी उभ्या राहायच्या. मॅडम बाहेर आल्या, माझ्याकडे पाठ करून बराच वेळ हात धूत राहिल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि पार बाजूपर्यंत गेला होता. ऑपरेशनच्या पलीकडे. नळ बंद करून त्यांनी एकच विचारलं, "तू घरी जात नव्हतीस का गं?" मी म्हटलं, "एवढं कुठे जमायचं, मॅडम." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. कुणालाही पटावं असंच होतं.

नंतरचं तुला माहीत आहे. किरणांचे शेक, रक्त चढवणं, बरं वाटलेले ते चार महिने, मग पुन्हा. वर्ष पुरतं भरलं नाही. तेराव्याला काकू माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला तुझी आई सांगायची, "पोर बाळंतीन शे." सव्वा वर्ष सांगत होती गं. तोही मुकाट्याने पॅडची पाकिटं द्यायचा. काकूंना ते मायेचं वाटलं म्हणून त्यांनी सांगितलं. मी ताटावरून उठले.

आता मी गावोगाव शिबिरं घेते. सातपुड्याच्या पायथ्याशी कुठे शाळेत, कुठे ग्रामपंचायतीत, टेबल आणि पडदा लावून. बायका बाकावर ओळीने बसतात. त्यात कधी कधी तू असतेस. थट्टा नाही करत. पदर तसाच कानामागे खोचलेला, हातात पिशवी, आपला नंबर येऊ नये म्हणून मागे मागे सरकणारी. मी उठून जवळ जाते तर दुसरीच कोणीतरी बाई असते, आणि घाबरून म्हणते, "माले काही नही व्हयनं." तेव्हा मी त्या बाईवर उगाच खेकसते. लोक म्हणतात, मॅडमची आई याच आजाराने गेली म्हणून त्या एवढं जीव तोडून करतात. सत्कारही करतात, शाल देतात. आमच्या पोरीने परवा विचारलं, "आजीचं उशिरा का कळलं गं? तू तर त्याचीच डॉक्टर होतीस ना?" मी म्हटलं, मी धुळ्याला होते बाळा. तीही हो म्हणाली. हे कागद घरी नेणार नाही मी, ती सगळं उचकते. आणि तुला तरी कुठे पाठवू? इथे कपाटातच राहतील.

आता जे लिहायला बसले ते. घरी जाणं जमायचं नाही असं मॅडमना मी खोटं बोलले ते भीतीने नाही. पोरगी अकरा महिन्यांची होती आणि परीक्षा होऊन निकाल लागायला पाच महिने होते. पाच महिने म्हणजे काय असतं, हे मी बायकांना रोज समजावून सांगते. रविवार होता, जेवणं झाली होती. तू भिंतीला टेकून बसलेली, पोर तुझ्या मांडीवर पेंगत होती. तिला उचलायला मी वाकले आणि मला वास आला. तो वास आमच्या वॉर्डात नव्या आलेल्या पोरींनाही महिन्याभरात ओळखता येतो; बाई पडद्याआड असली तरी कळतं, काय आहे आणि किती पुढे गेलंय. मी वाकलेली तशीच राहिले. तू माझ्याकडे बघत होतीस. मी विचारीन म्हणून वाट बघत होतीस, असं मला वाटतं. आणि मी म्हणाले, "काय गं आई, पोरीचे कपडे नीट धूत नाहीस का? केवढा वास मारतोय." पोर माझ्याकडे दिलीस, उठलीस, पाणी तापवलंस, आणि तिचे सगळे कपडे, घड्या करून ठेवलेले धुतलेलेसुद्धा, काढून कढत पाण्यात पुन्हा धुवायला बसलीस. मी पोरीला थोपटत तुझी पाठ बघत होते. मग चारच्या बसने धुळ्याला गेले. तो वास कपड्यांचा नव्हता, आई. मला तेव्हाच कळलं होतं.