गावाने घातलेला चौथा वाटा

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
शेळी-रोग संशोधन अनुदान कक्ष, सातारा.

विषय : ‘स्थानिक वाटा’ भरताना संशोधनाची शेळी खाल्ली गेल्याबाबत व तिचे करडू वाचवण्याबाबत.
संदर्भ : आपले खर्चवाटणीचे परिपत्रक, नियम चौथा.

महोदय,

१. अर्जदार वडूज येथे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. जवळच्या पिंपळदरा गावात हगवणीच्या साथीत साऱ्या शेळ्या मेल्या, म्हाताऱ्या बनुबाईची एकच जगली; बाकीच्यांनी मागाहून बाजारातून नव्या आणल्या. ती का जगली, एवढे शोधण्यास आपण अनुदान दिले. त्यातून ती शेळी रीतसर विकत घेऊन बनुबाईच्याच दावणीला ठेवली होती.

२. नियम चौथा म्हणतो, खर्चाचा चौथा वाटा गावाने घालावा, वस्तुरूपाने चालेल, पाहणी अधिकाऱ्याने तो समक्ष पाहावा. हे मराठी लिहिणाऱ्याने आमच्या भागात कधी मटण खाल्लेले नसावे. इकडे वाटे घालणे म्हणजे बकरे कापून त्याचे भाग पाडणे. दुसरा अर्थ नाही.

३. पाहणीच्या दिवशी एस.टी. चुकल्याने अर्जदार उशिरा पोचला. सरपंच लालासाहेब चावडीवर हात धूत होते. म्हणाले, “या मास्तर. सरकारचा हुकूम पाळला. चार वाटं घातलं, चौथा सायबास्नी.” कोणती शेळी, असे विचारता म्हणाले, “सरकारचीच की! गावानं आपली कशाला कापायची?” बनुबाई म्हणाली, “मी आडवी पडले हुते. तर म्हणत्यात, म्हातारे, सरकारी कामात येऊ नगंस.”

४. पाहणी अधिकारी सतरंजीवर जेवत होते. आपल्या ताटात आहे ते संशोधन आहे, असे अर्जदाराने त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी नळी चोखून बाजूला ठेवली व “तिखट जरा जास्त झालंय,” एवढेच मत दिले. अहवालात शेरा आहे, “स्थानिक वाटा समक्ष पाहिला. समाधानकारक.”

५. आता आपल्या कार्यालयाने कळवले आहे की, शेळी अनुदानाची असल्याने गावाच्या वाट्यात धरता येत नाही, सबब वाटा नव्याने घालावा. शेळी मेली याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. ती दोनदा मोजली गेली, एवढेच आपल्याला खुपले.

६. त्या शेळीचे एक करडू मागे आहे. यंदा पुन्हा हगवण आली, गावातली बाकीची करडे गेली, हे उड्या मारते. आईकडचे जे काही होते ते याच्यात उतरले आहे आणि आता फक्त याच्यातच आहे. परवा लालासाहेब त्याची पाठ चाचपून म्हणाले, “वाटा कमी पडला व्हय? मग ह्ये हाय की. ल्हान हाय, पर लय लुसलुशीत.”

७. सबब अर्जदारास अनुदान नको. मंजुरी रद्द करावी व तसे गावास शिक्क्यानिशी कळवावे. त्या पत्रात ‘वाटा’ हा शब्द कोठेही येऊ नये. पत्र पोचेपर्यंत करडू अर्जदाराच्या खोलीत राहील. दारात बनुबाई विळा घेऊन बसली आहे, आणि तिला परिपत्रक वाचता येत नाही, हे आपल्या कक्षाच्या दृष्टीने तूर्त बरे आहे.

आपला, अजून तरी नम्र,
कृष्णात ज्ञानू फडतरे
वडूज, ता. खटाव
दि. ११ फेब्रुवारी १९७४