नीलिमा हे रेडिओवरचं नाव

८ नोव्हेंबर, शनिवार
अमरावती. रेकॉर्डिंग झालं. म्हणजे कार्यक्रम चालवणारा इशान बोलला आणि मी मधून मधून घसा खाकरला. "आपण इथे एक सेफ स्पेस क्रिएट करतोय..." पोरगा परतवाड्याचा. पुण्यात शिकून आला तेव्हापासून त्याचं एक वाक्य मराठीत संपत नाही. आईला पोळी मागतानाही असंच बोलतो की काय. स्वतः गे आहे हे कॉलेजभर सांगून मोकळा झालाय. सोपं आहे. बापाचं घर आहे, घरमालक नाही.

कार्यक्रमाचं नाव 'सप्तरंग'. गावंडे सरांनी ठेवलं. सर कॉलेजच्या या रेडिओचे प्रमुख. नाव रंगाच्या दुकानाला शोभलं असतं.

रेडिओवर मी नीलिमा. चित्रा नाही. घरी मंगलची अट: नाव नाही, गाव नाही, घरातलं काही नाही, कोर्टात स्टेनो आहे हेही नाही. कबूल. तसाही हा रेडिओ बडनेऱ्याच्या पुढे लागत नाही. अकोल्याला घरमालकासाठी मी नि मंगल मावसबहिणी, त्या तशाच राहणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज पुस्तकं. इशानने एका अनुवादित कादंबरीतलं वाचून दाखवलं. दोघी बर्फात चालतात, वाईन पितात, गप्प बसतात. पानभर गप्प. मी म्हटलं, मराठीत आमच्यासारखीला लेखक दोनच जागा देतात, विहीर नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. शेवटच्या पानाच्या आत सोय लागलीच पाहिजे. एकीला अकोटची बस गाठायचीय, तिला शाळेला उशीर होतोय, दुसरी गॅस संपला म्हणून करवादतेय, असं कुठे वाचलं नाही.
इशान: "सो पॉवरफुल, ताई."
गॅस संपणं पॉवरफुल. बरं.

मग संस्कृती. गावंडे सरांच्या ओळखीचे एक प्राध्यापक. अर्धनारीनटेश्वर. ह्या विषयावर ज्याला काही वाचायचं नसतं तो अर्धनारीनटेश्वर काढतो. देवाचं चालतं. भाडेकरूचं नाही.

घरी प्राध्यापकांची नक्कल करून दाखवली. मंगल इतकी हसली की पोटाच्या टाक्यांवर हात धरून बसली. "पुरे कर वं, दुखते." ऑपरेशननंतर पहिल्यांदा अशी हसली.

२२ नोव्हेंबर, शनिवार
निवडणूक जवळ आली की लोकांना आमची आठवण येते. आज एका पक्षाच्या ताई. सोबत फोटो काढणारा. गावंडे सर दाराशी वाकून उभे, कमान झाली होती नुसती.

ताई: "तेही माणसंच आहेत. आमचा पूर्ण पाठिंबा आहे."
मी: "कशाला?"
"सगळ्यालेच."
"लग्नाला?"
"आता असं पाहा नीलिमाताई, आपली संस्कृती..."
"बरं, लग्न राहू द्या. दवाखान्यात सही करायला?"
ताई हसल्या. "सहीचं काय एवढं? घरचं कोणीतरी असतेच ना."

घरचं कोणीतरी.

मग मी बोलले. दिवाळीच्या आधी माझ्या घरचं माणूस पोट धरून पडलेलं होतं, पित्ताशय काढायचं होतं, आणि मी समोर उभी असताना काउंटरवरचा म्हणाला नातेवाईक आणा. अंजनगावहून तिचा भाऊ येईस्तोवर ती तशीच कळवळत राहिली. वर्षातून एकदा, भाऊबीजेला भेटणारा भाऊ. तिला कोणतं इंजेक्शन चालत नाही हे त्याने मला विचारलं, मी सांगितलं, ते त्याने डॉक्टरला सांगितलं. सही त्याची. हे सगळं माइकमध्ये.

ताईंनी घड्याळ पाहिलं. "वाईट वाटलं ऐकून." आणि पुन्हा पाठिंबा.

घरी आल्यावर मंगलला सांगितलं नाही. रेडिओवाले तेवढं कापतीलच.

२४ नोव्हेंबर, सोमवार
गावंडे सरांचा फोन, कोर्टात असताना. "मॅडम, तो वैयक्तिक भाग काढतो आपण. ताईंना अवघडल्यासारखं झालं." ताईंना. मी काढा म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाशी माझं एकमत झालं आणि घरी येईपर्यंत त्याचीच किळस येत राहिली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कापलं नाही. काल संध्याकाळी सगळंच्या सगळं रेडिओवर गेलं. एडिटिंग इशानकडे असतं. फोन केला. म्हणाला, "ताई, तुमचं बोलणं काढलं असतं तर त्यात ऐकण्यासारखं उरलं काय असतं?"
पूर्ण वाक्य, मराठीत. त्याला येतं तर.
"मला विचारलं का?"
गावंडे कापणार होते, ते आधीच ठरवून, फोन नुसता कळवायला. याने ठेवलं, तेही मला न विचारता. एक भित्रा, एक शूर, दोघांच्याही दृष्टीने मी कच्चा माल.

आणि बडनेऱ्याच्या पुढे लागत नाही म्हणे. तेवढा तुकडा कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकला. दुपारी मंगलच्या शाळेच्या ग्रुपवर होता. माझा आवाज, अंजनगाव, ऑपरेशन. ओळखायला काय लागतं.

मंगल घरी आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली. "तू काहून बोलली? एक गोष्ट मांगितली होती म्या." भात तिने केला. जेवलो.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळीच सुधाकर. मंगलचा मोठा भाऊ, एकटाच आला. बायकोला आणलं नाही म्हणजे भांडायला आला असणार, असं धरून मी स्वयंपाकघरात थांबले. सगळं ऐकू येत होतं.

"मावसबहीन कोन्या मावशीची? आपल्याले एकच मावशी, अन् तिले दोन पोरगेच."
"ते म्या बनवलं होतं, दादा."
"मले दवाखान्यातच समजलं होतं. तुह्या औषधायची नावं ते पटपट सांगून राहिली होती. मावसबहिनीले एवढं ठाऊक नसते." मग तोच पुढे: "म्या कोनाले सांगितलं का? नाही सांगितलं. मंग हिनं अख्ख्या गावाले काहून सांगितलं? बाजारात लोकं मले थांबवून विचारते."
मंगल म्हणाली, "पुढच्या खेपेस सही तिलेच करू दे."
"करू दे ना. मी काय नाही म्हनतो? पन रेडिओवर सांगा लागते का?"

चहा नेला. त्याने माझ्याकडे न पाहता घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायला. जाताना म्हणाला, संत्री आणली आहेत, गाडीत राहिली, घेऊन जा. मीच खाली गेले घ्यायला. त्याने पिशवी दिली, एवढंच.

इतकी वर्षं मी ह्या माणसाला अडाणी म्हणत आले. आजही काही फार शहाणा वाटला नाही. पण रेडिओवर सांगावं लागतं का, हा त्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही, ह्याचा राग जास्त येतोय.

१ डिसेंबर, सोमवार
शाळेतून मंगलला निरोप. बुधवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत, संस्थेचे लोकही येणार. "थोडी चर्चा करायची आहे." ही चर्चा कशी असते ते मला माहीत आहे. कोर्टात रोज टाइप करते.

गावंडे सरांचाही फोन. गैरसमज दूर करणारा एक भाग करू म्हणाले, मी यायचं आणि सोबत एक मानसोपचारतज्ज्ञ. मी म्हटलं, तज्ज्ञ जरूर बोलवा, आधी स्वतःला दाखवा. फोन ठेवला. मंगल शेजारी वह्या तपासत होती. हसली नाही, पण पेन थांबलं तिचं.

इशानचे एकामागोमाग मेसेज. सोबत येतो, वकील बघतो, पोस्ट लिहितो. शेवटचा नुसता: ताई, चुकलं, विचारायला पाहिजे होतं. त्याला उत्तर दिलं. पोस्ट लिहू नको.

३ डिसेंबर, बुधवार
अकोट. शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर लिहितेय. मंगल म्हणाली होती येऊ नको. बसमध्ये तिच्या मागच्या सीटवर बसले. देवरी फाट्याच्या पुढे तिने मागे न बघता शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पुढे जाऊन बसले.

ती आत गेली त्याला बराच वेळ झाला. दोन मोटारी आल्या, संस्थेचे असावेत. पांढरे कपडे, कानाला फोन, उतरताना शर्टाची घडी नीट करणारे. यांच्यापुढे ती उभी असेल की बसवलं असेल? नोकरी घेतात की नुसती लाज काढतात? की सुट्टीवर जा म्हणतात, तब्येतीच्या नावाखाली? तिची सही मोठी, वळणदार. कशावर करून घेत असतील...

चपराशी रस्ता ओलांडून आला. म्हातारा, घाबरलेला.
"चित्राबाई तुमीच का? आत बोलावलं."
"कोणी? मुख्याध्यापकांनी?"
"नाही जी. मंगलमॅडमनं. ते आत म्हने, माह्या घरचं मानूस बाहेर बसलं हाय, त्याले बोलवा, मंगच मी बोलन."
"आणि साहेब काय म्हणाले?"
"कोनी अडवलं नाही. समदे तुमची वाट पाहून राहिले."

साडी बसमध्ये पार चुरगळलीय. जाऊ दे. निघाले.