पिशवीतले बोल्ट

माल्टा गाव, १४ जून

प्रिय आई,

आज दिवसभर वारा होता, त्यामुळे आम्ही मारायला आलोय त्या कुरणातल्या, बिळात राहणाऱ्या खारी फारशा बाहेर आल्या नाहीत. मी बरा आहे.

गेल्या वर्षी मागून गोळी लागून आपला ऑरिन गेला, तेव्हा तू घातलेली अट आम्ही पाळतो. जो नेमबाजांच्या रांगेपुढे मेलेल्या खारी गोळा करायला जाईल, तो सगळ्या रायफलींचे बोल्ट तू शिवलेल्या पिशवीत घेऊन जातो. खटक्यामागचा हा सरकता दांडा काढला की गोळी सुटत नाही.

दुपारी मी पुढे गेलो होतो. परतल्यावर आमच्यातल्या व्हर्लिनला दिलेला बोल्ट त्याच्या रायफलीत बसेना. तो दुसऱ्याच जुन्या रायफलीचा होता; खरा बोल्ट त्याने स्वतःकडेच ठेवला होता.

"अरे मास्तर, पिशवीत बोल्ट पडल्याशी मतलब!" तो हसला. "मी काय तुझ्यावर नेम धरून बसलो होतो?"

"ऑरिनवरही कोणी धरला नव्हता," मी म्हणालो.

उद्याही मलाच पुढे जायचंय. त्याचा बोल्ट मी स्वतः काढून घेईन, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे? ऑरिनची कुत्री अजून फाटकापाशीच बसते का?

सगळे गावात जेवायला गेलेत. मी एकेक बोल्ट ज्याच्या त्याच्या रायफलीत बसवून पाहिला. व्हर्लिन मात्र रायफल सोबत घेऊन गेलाय.

पिशवीला तेलाचे डाग पडले होते. धुऊन दोरीवर वाळत घातली आहे.

तुझा,
एमेट