भिंगरीचा हिशेब

अनुजास रागातला आशीर्वाद.

भांडून मामाकडं बिद्रीला जाऊन बसलीस, म्हणून कागदावर बोलतोय. चित्रकलेच्या डिग्रीची चार वर्षांची फी दोन लाख चाळीस हजार, रंग-कॅनव्हास येगळं. पास झाल्यावर पगार किती, म्हणून कालेजातल्या सरांना इचारलं, तर हसून म्हणालं, "तसं सांगता येत न्हाय, पावणं." एवढी फी घेणाऱ्याला एवढं बी सांगता येऊ नये?

नर्सिंग केलंस तर पहिल्या महिन्यापासनं पगार हाय. हेच समजावत हुतो, तर तू गोठ्याकडं बोट करून म्हणालीस, "आबा, आपली भिंगरी म्हस किती कमावती?" आणि पिशवी उचलून निघालीस की!

माझं डोस्कंच फिरलं. भिंगरी चार वर्षं झाली आटलीया, तरी तिला पेंड चालू हाय. का? तर दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत माझ्या फटफटीमागं ती मान वर करून पळती, शिंगं तू रंगवलेली असत्यात, आणि सगळा रस्ता थांबून बघतो. विकून टाका म्हणून तुझी आई दरसाल भांडती. मी ऐकून न ऐकल्यागत करतो.

आज वहीत दोघींचा हिशेब मांडाय बसलो. तुझं पान भरलं. भिंगरीच्या पानावर कमाई लिवाय पेन चालंना.

हे पत्र धाडणार न्हाय, वाचून नाचशील. चित्रकलेचा सही केलेला फार्म तेवढा मामाकडं देतो.

पाडव्याआधी ये. तुझ्याबिगर ती शिंगाला कुणाला हात लावू देत न्हाय.

तुझा वैतागलेला बाप,
सयाजी