लाल कुलुपाची किल्ली

ता. १४, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हणावं तिला. आई इथे माझ्याकडे मजेत आहे. मी सुट्टीवर आहे असंच तिला अजून वाटतंय. तीन दिवस सारखी करवादतेय, "घरात पातेली घासत बसलीस, कामावर कोण जाणार?" मला निलंबित केलंय हे मी सांगितलेलं नाही. ज्याने केलं त्यानेच सांगावं, म्हणजे तू.

काल तुझा शिपाई आला किल्ली मागायला. बिचारा दारात अवघडून उभा होता. त्याला बसवलं, चहा दिला आणि किल्ली न देता परत पाठवलं.

अरे, आज रिफायनरीचा मोठा साहेब झालायस, पण हा नियम तूच मला शिकवलास. पाइप धोक्याचा वाटला की व्हॉल्व्ह बंद करून त्याला आपलं लाल कुलूप लावायचं, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. भट्टीकडून येणारा तो पाइप वळतो ना, तिथली जाडी मी स्वतः मोजली. पाच वेळा. चार मिलिमीटरच्या खाली गेली तर तुकडा बदलायचा, असं आपल्याच वहीत लिहिलंय. तिथे अडीच भरली, म्हणून मी माझं कुलूप लावलं. आतून साडेतीनशे डिग्रीचं तेल जाणार, फुटलं तर हवा लागताच पेट घेईल. आणि तुम्ही काय म्हणता? वरून पट्टा आवळू, नवा तुकडा आला की बघू! नऊ दिवसांत येतोय तो. नऊ दिवस दम धरवत नाही? त्याच्या बरोब्बर खाली, पंपापाशी, दर पाळीला चार माणसं असतात. पट्टा आवळून तू उभा राहशील तिथे? वहिनीला उभं करशील?

मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मला हेकेखोर म्हणालास. म्हण बापडा. लहानपणापासून म्हणतोयस.

पण नंतर फोनवर जे बोललास ते फार लागलं. "अकरा वर्षांपूर्वी तुला मी वाचवलं, विसरलीस वाटतं?" मी फोन ठेवून दिला. आत्ताही बघ, वहिनीचा गुडघा काय, पातेली काय, मघापासून त्याच गोष्टीला बगल देतेय. आता लिहूनच टाकते.

विसरले नाही रे. जेवणाच्या सुट्टीनंतर वेल्डिंग सुरू करण्याआधी तिथला गॅस पुन्हा मोजायचा असतो. तुझा फोन आला, "आटप लवकर." मी मोजला नाही. सकाळचाच आकडा उतरवला आणि वेल्डिंगच्या परवान्यावर सही ठोकली. वीस मिनिटांत भडका उडाला. वेल्डिंग करणाऱ्या मास्तरांचे दोन्ही हात भाजून निकामी झाले. आपल्या दोघांच्या हातात पहिला पाना ज्यांनी दिला, ते मास्तर. तू माझा परवाना फाडून टाकलास आणि चौकशीत ठरलं की मास्तरांनी परवान्याशिवायच काम सुरू केलं.

आणि मी गप्प बसले. खरं सांगू? तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

पण माझं तोंड बंद करायला तू नेमकी तीच गोष्ट काढलीस ना? मग ऐक. काल तुझा शिपाई गेल्यावर मी मास्तरांच्या घरी गेले. ते खिडकीशी बसून चहा पीत होते, दोन्ही तळव्यांत कप दाबून, कारण बोटं वळत नाहीत. मी सगळं सांगितलं, तेव्हाचंही आणि आताच्या कुलपाचंही. त्यांनी कप खिडकीत ठेवला. मग म्हणाले, "तुमचीच घाई नडली, असं बायको मला मरेपर्यंत म्हणत होती. तिला हे ऐकायला मिळायला हवं होतं."

मला रडू आवरेना. माफी मागायची हिंमत झाली नाही आणि त्यांनीही आपणहून माफ केलं नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कुलूप जागेवर आहे ना अजून?"

"आहे."

"मग राहू दे."

आज सकाळी ते सगळं सहीनिशी लिहून मी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत दिलं. तुझा फोन, माझी सही, फाडलेला परवाना. जाडीचे पाचही आकडे सोबत जोडलेत. नोकरी जाईल, खटलाही होईल. होऊ दे. मला घाबरवायला तुझ्याकडे आता काही उरलेलं नाही.

कुलूप तोडायचंच असेल तर तेही नियमात बसतं. त्याचा फॉर्म तूच तयार केलायस. खालची ओळ आठवते? "मी स्वतः जागेवर जाऊन तपासलं, माणसांना धोका नाही." खाली मोठ्या साहेबाची सही, दुसऱ्या कुणाची चालत नाही. वर जायला एकेचाळीस पायऱ्या आहेत. चढ. जाडी मोजायचं यंत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. जो आकडा दिसेल तो लिही आणि कर सही.

हात धजत नसेल, तर किल्लीसाठी माझ्या दारात पुन्हा कुणाला पाठवू नकोस.

आईला संध्याकाळपर्यंत फोन कर आणि सांग. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगेन ते मास्तरांपासून सांगेन.

तुझीच,
हेकेखोर धाकटी

ता. क. किल्ली गळ्यात घातलीय. आंघोळीलाही काढत नाही.