पळसाच्या पानांचा अण्णा

प्रिय अण्णा,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी पूजा आटोपून कारखान्यात गेलो आणि एका जपानी माणसाच्या गळ्यात हार घातला. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे. आज लिहितोच.

तो आम्हाला घड्याळं जोडायला शिकवतो. साहेब म्हणाले, जपान आता आपला मित्र. कधी झाला रे? ज्यांच्याशी लढायला तू बेळगावहून ब्रह्मदेशात गेलास, ते मित्र झाल्याचं वहिनीला कुणी कळवायला नको? तिच्याजवळ अजून तू 'बेपत्ता' असल्याची तार आहे.

शेजारचे मास्तर म्हणतात, तू इंग्रजांचा शिपाई. समोर जपान्यांबरोबर स्वातंत्र्यासाठी लढणारी आपलीच माणसं होती. मग मी तुला काय म्हणू? देवापुढे बसून हेच विचारतो. पन्नाशी आली, तरी विचारतोच आहे.

बारा वर्षं झाली तेव्हा भटजींनी सुचवलं होतं, न परतलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. वहिनी एवढंच म्हणाली, "ते उद्या दारात आले तर?" मीही विषय सोडून दिला. भ्यालो म्हण हवं तर.

मग त्या जपान्याला मी घरी जेवायला का बोलावलं, मलाच कळत नाही. वहिनीनं त्याच्याकडे पाठ करूनच स्वयंपाक केला. भात वाढताना तो इथं येऊन शिकलेल्या कानडीत "स्वल्प, स्वल्प", म्हणजे थोडं थोडं, म्हणाला, तेव्हा मात्र हसली.

इतक्यात त्याला भिंतीवरचा तुझा गणवेशातला फोटो दिसला. "बर्मा?" मी मान हलवली. तो उठून फोटोसमोर वाकला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागला, त्याचाही थोरला भाऊ तिथंच गेला. सरकारनं घरी पेटी पाठवली, आत फक्त एक दगड. आईनं तोच पुरला.

मी वहिनीला मराठीत सांगितलं. ती ताक वाढायचं विसरली. तू आणि त्याचा भाऊ कधी समोरासमोर आला होतात का रे?

तो गेल्यावर ती म्हणाली, "भावजी, पळस कुठं मिळतो इथं?"

विधी ठरवताना भटजींनी कुंकवाचा विषय काढला. "ते माझं मी बघेन," ती म्हणाली. तिला कुणी बोलू लागलं तर मी मध्ये उभा राहीन, हे तुला वचन. आणि दरवर्षी तुझ्या नावानं पाणी सोडताना त्या जपान्याच्या भावाच्या नावानंही सोडीन. नाव विचारून ठेवलंय.

तू कुणासाठी लढलास ते मला अजून उमगलेलं नाही. पण आज सकाळी तुला अग्नी दिला. पानं ओली होती, पेट घ्यायला वेळ लागला.

तुझा धाकटा,
विठू