पेटीच्या दारातली दाढी

धाकट्या,

दूध तापवलंय, गार झालं की झाकून ठेव.

पाहुण्यांसमोर तू म्हणालास, ताईला आता दिसत नाही, तिने मधाच्या पेट्यांना हात लावायचा नाही. नाही लावला. पण कपडे वाळत घालताना आठवडाभर बघत होते. पहिल्या पेटीत माश्यांना जागा पुरेना, दारात त्यांची दाढी लोंबत होती. मी मिठाची गुळणी धरून बसले. काल दुपारी म्हातारी राणी घर नव्या राणीसाठी सोडून, निम्म्याहून जास्त माश्या घेऊन निघाली आणि कुंपणावर बसली. मी त्यांना रिकाम्या खोक्यात घेतलं. त्यांना घेऊन आत्याकडे चाललेय.

आणखी दोन पेट्यांना दाढी फुटलीय. कोणत्या, ते तुझ्या धडधाकट डोळ्यांना दिसेलच.

ताई